शेवटचा रकाना

काल सकाळी समोरच्या पार्कात कौन्सिलच्या माणसांनी यंदाचं पहिलं गवत कापलं. खिडकी उघडी होती. तो वास स्वयंपाकघरात आला आणि चहाचं भांडं हातात धरून मी तशीच उभी राहिले. लीड्समधला हिवाळा संपल्याचं मला कॅलेंडरवरून पटत नाही, या वासावरून पटतं. ओलं, जाड, पाच-सहा महिने कोणी हात न लावलेलं गवत, आणि त्यात मशीनच्या पेट्रोलचा थोडा उग्रपणा. तुमच्याकडे मेलबर्नला याच दिवसांत थंडी पडायला लागते. ऋतू उलटे असले तरी तुमचा तो लंबगोल चेंडूचा फुटबॉल दोन्हीकडे साधारण एकाच सुमारास सुरू होतो. त्यामुळे रविवारच्या फोनवर आपल्याला बोलायला एक विषय तरी सारखा असतो.

या रविवारी मीरा म्हणाली, "आजी, मला बॅक पॉकेटमध्ये टाकलाय. पूर्ण मॅच मी नुसता उभा होतो. माझ्याकडे कोणी बॉल मारतच नाही. मी सोडून देणार."

"उभी होते," मी म्हणाले.

"आजी, ते इम्पॉर्टंट नाहीये."

खरंच नव्हतं. तिच्या भावानं, ओमनं, मागून विचारलं, "बॅक पॉकेट म्हणजे काय, माहितीये तुला?" माहिती आहे, बाळा. आपल्या गोलजवळचा कोपरा. तिथं उभं राहून समोरच्यांना गोल करू द्यायचा नाही, एवढंच काम. पण मला कुठलीही गोष्ट क्रमानं सांगायची सवय आहे आणि फोनवर तुम्ही दोघं मला क्रमानं बोलू देत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवावं. निखिल, काही गाळायचं नाही. जिथं गाळावंसं वाटेल तिथं तर अजिबातच नाही.

दोन हजार सहा सालचा उन्हाळा. इथल्या मानानं कडकच. जुलैत गवत पिवळं पडलं होतं आणि शेजारची बाई रोज कुंपणावरून सांगायची की असं ऊन तिनं लहानपणीच पाहिलं होतं. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागातून नुकतीच निवृत्त झाले होते. बावीस वर्षं केसपेपर लावण्यात गेलेली, त्यामुळे घरातले मसाल्याचे डबेसुद्धा नावाप्रमाणे लावून झाले होते आणि पुढे काय करावं ते कळत नव्हतं. तुमचे आजोबा माझ्या आधी एक वर्ष निवृत्त झालेले. ते भूलतज्ज्ञ होते. निखिल सव्वीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, आमच्याच घरी राहणारा. ऑफिसातल्या एका ऑस्ट्रेलियन मुलानं त्याला या खेळात ओढलं आणि शनिवारी दुपारी आम्ही दोघं घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन त्याच्या मागे जायला लागलो.

मैदान रग्बीचं होतं. रग्बीच्या खांबांच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे लांब पाइप उभे करून चार खांब करायचे. वारा सुटला की पाइप हलायचे आणि कोणीतरी खेळ सोडून ते धरायला पळायचं. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला की सहा गुण, बाजूनं गेला की एक. तुमच्याकडे एका बाजूला अठरा जण खेळतात, आमच्या लीगमध्ये नऊ. चार जण बाकावर. संघात निम्मे तरी इथलेच हवेत असा नियम होता आणि निखिल 'इथला' म्हणून धरला जायचा. मला त्याची फार गंमत वाटायची. मी या देशात आल्यापासून लोक मला मूळच्या कुठल्या म्हणून विचारत आलेत. त्या मैदानावर मात्र आमचा निखिल इथला आणि गोरापान ब्रेट परका.

ब्रेट म्हणजे कॅप्टन. ऑस्ट्रेलियाहून आलेला, लीड्समधल्या शाळांमध्ये बदली शिक्षक म्हणून काम करणारा. मी वहीत काहीतरी लिहिते आहे हे त्यानं दुसऱ्याच शनिवारी पाहिलं आणि येऊन विचारलं. मी सांगितलं, कोण किती वेळा चेंडू मारतो ते मोजते, नाहीतर मला खेळ कळत नाही. त्यानं वही हातात घेतली, पानं उलटली आणि म्हणाला, "हे प्रत्येक मॅचला कराल?"

मी केलं. घरी पट्टीनं आखलेला कागद, डावीकडे नावं आणि पुढे चार रकाने: किक, हातानं दिलेला पास, झेल, गोल. प्रत्येक वेळी एक उभी रेघ, पाचवी आडवी. निखिल मला हाक मारायचा ते ऐकून सगळी टीम मला 'आई' म्हणायला लागली. त्यांना वाटायचं ते माझं नाव आहे. मीही दुरुस्त केलं नाही. बिस्किटांच्या मोठ्या डब्यात चिवडा न्यायचे. तो संपला की सहा फुटी माणसं डब्याच्या तळाशी बोटं फिरवत उभी राहायची. आजही दुखऱ्या पायांना लावायच्या मलमाचा वास आला की मला त्यात शेंगदाणे आणि कढीपत्ता आठवतो.

या टीममध्ये कॉलिन नावाचा एक पोस्टमन होता. चाळिशीचा, टक्कल पडलेला, किरकोळ. पहाटेपासून दुपारपर्यंत पत्रं वाटून, पायीपायी चढ-उतार करून तो मैदानावर यायचा आणि मागच्या कोपऱ्यात उभा राहायचा. मीरा, तुझ्याच कोपऱ्यात. येता-जाता मला म्हणायचा, "ऑल राइट, लव्ह?" इकडे ओळखीच्या-अनोळखी कोणालाही लाडानं 'लव्ह' म्हणतात. त्यापलीकडे त्याचं बोलणं फारसं नसे. माझ्या कागदावर त्याची ओळ जवळजवळ कोरी असायची. पूर्ण मॅचमध्ये दोन रेघा, कधी तीन. निखिल पुढच्या बाजूला खेळायचा. त्याच्या दहा-बारा तरी व्हायच्या.

ऑगस्टमध्ये टीम फायनलला पोहोचली. फायनलच्या आधी लीगची एकच मॅच उरली होती. फायनलला तेरा जण घ्यायचे होते आणि बारा नावं पक्की होती. कार पार्कमध्ये ब्रेट माझे सगळे कागद गाडीच्या बॉनेटवर पसरून उभा होता. शेवटची जागा निखिलला, म्हणजे टीमच्या 'निक'ला, द्यायची की कॉलिनला, एवढंच ठरायचं होतं.

"कागद निक म्हणतोय," ब्रेट म्हणाला. "आणखी एक मॅच बघू, पण फरक खूप आहे."

कॉलिन तिथंच बुटाची नाडी सोडत बसला होता. त्यानं मान वर केली. "फेअर इनफ," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "तुझी मोजणी चुकत नाही, लव्ह."

मला आनंद झाला. तो मी इथं लपवणार नाही. निखिलनं अख्खा हिवाळा अंधारात, थंडीत धावून काढला होता. शिवाय फायनल बघायला मँचेस्टरहून एक मुलगी ट्रेननं येणार होती. अदिती नावाची, नागपूरची, सॉफ्टवेअरमधली. ती आता तुमची आई आहे. तेव्हा निखिल तिला 'एक फ्रेंड' म्हणायचा आणि तिचा फोन आला की बागेत जाऊन बोलायचा.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते. निखिल टीमबरोबर मागे थांबला होता. तुमचे आजोबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तुझ्या त्या कागदावर मला कुठं लिहिशील?"

"म्हणजे?"

"थिएटरमध्ये. तीस वर्षं होतो की मी. सर्जननं पोट उघडलं, गाठ काढली, टाके घातले. सगळं दिसतं, सगळं मोजता येतं. पेशंट बरा झाला की चॉकलेटचा डबा सर्जनला. माझ्या ओळीत काय लिहिशील?"

"तुम्ही त्यांना झोपवायचात."

"ते पाच मिनिटांचं काम. उरलेले चार तास मी काय करत होतो, असं वाटतं तुला?"

मी गाडी हळू केली. पुढे सिग्नल लाल होता. त्या लाल दिव्याकडे बघत असताना मला दुपारचा कॉलिन दिसायला लागला. समोरचा उंच मुलगा झेल घ्यायला उडी मारतो आणि मागून एक मूठ येऊन चेंडू बाहेर ढकलते. कोणी चेंडू मारायला पाय उचलतो आणि कॉलिन त्या पायावर स्वतःला झोकून देतो. आपला गडी चेंडू घेऊन पळतो आणि कॉलिन मागून येणाऱ्यांच्या आड नुसता उभा राहतो, धक्का खातो, उठतो. हे सगळं मी पाहिलं होतं. दर शनिवारी पाहिलं होतं. पण त्यात किक नव्हती, पास नव्हता, झेल नव्हता, गोल नव्हता. म्हणून दर वेळी मी पेन्सिल उचलली होती आणि काही न लिहिता परत खाली ठेवली होती.

माझी मोजणी चुकत नव्हती. कागद चुकला होता आणि तो मी आखला होता.

तो आठवडा लांबच लांब गेला. गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. निखिल खेळला असता, अदितीनं टाळ्या वाजवल्या असत्या. हॉस्पिटलात आमच्या प्रत्येक फॉर्मवर सगळ्यात खाली 'इतर' म्हणून एक बारीक चौकोन असायचा. नर्सेस त्यात कोपऱ्या-कोपऱ्यांतून लिहायच्या, समासात जायच्या, कारण पेशंटबद्दलची नेमकी गोष्ट वरच्या कुठल्याच चौकोनात बसलेली नसायची. तो चौकोन मोठा करा म्हणून मी तीनदा अर्ज केला होता. आणि स्वतः कागद आखला तेव्हा तो ठेवलाच नाही.

शुक्रवारी जेवताना मी निखिलला सांगून टाकलं. त्याच्या नकळत काही करायचं नव्हतं.

"उद्या मी आणखी एक रकाना घालणार आहे. आड उभं राहणं, मुठीनं चेंडू घालवणं, पाठलाग करून चूक करायला लावणं. सगळ्यांचं मोजणार."

त्याचा घास हातातच राहिला. "आई, आत्ता? सीझन संपताना?"

"चूक आत्ता दिसली."

"बाबा, सांगा ना हिला."

"मी भाजी वाढून घेतोय," तुमचे आजोबा म्हणाले.

"तू माझी आई आहेस की कॉलिनची?"

"तिथं मला सगळेच आई म्हणतात," मी म्हणाले.

तो ताट घेऊन उठला. नळ जरा जास्तच जोरात सोडला. त्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. एका जागेसाठी सव्वीस वर्षांच्या मुलानं रागवावं इतकी ती जागा त्याला हवी होती.

शनिवारी मी नवा कागद क्लिपबोर्डला लावला. पाच रकाने. शेवटच्याचं नाव 'इतर'. नियम मी आधीच ठरवले होते: स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तरच रेघ, शंका असेल तर नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये निखिल एका मुलाच्या मागे धावला आणि तो मुलगा अडखळून पडला. मी पटकन निखिलपुढे रेघ मारली. मग वाटलं, हा निखिलमुळे पडला की गवतामुळे? खरं सांगायचं तर गवतामुळे. मी रबर काढला आणि रेघ पुसली. तुमचे आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. पण त्यांनी पाहिलं होतं.

मॅच संपल्यावर मी बेरीज केली, मग पुन्हा एकदा खालून वर केली. 'इतर'मध्ये निखिलच्या चार रेघा होत्या. कॉलिनच्या सतरा. पाच गोल करणाऱ्या शेनची एकही नव्हती. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, "आई, मी आज काही केलंच नाही वाटतं."

"तुझं काम दुसऱ्या रकान्यात आहे. चिवडा घे."

ब्रेट बराच वेळ कागद बघत राहिला. मग कॉलिनच्या कोपऱ्याकडे, मग परत कागदाकडे. "हे नक्की?"

"दोनदा मोजलंय."

"निक तुमचा मुलगा आहे."

"ते मला माहीत आहे," मी म्हणाले.

ब्रेटनं तिथंच नावं वाचली. तेरावं नाव कॉलिनचं होतं. कॉलिननं पहिल्यांदा मागे वळून बघितलं, दुसरा कोणी कॉलिन आहे का म्हणून.

घरी आल्यावर निखिलनं बूट माझ्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतले. या घरात ते चालत नाही, पण मी धुऊ दिले. चिखल निघत होता. पाठमोराच तो म्हणाला, "सतरा?"

"सतरा."

"मी मैदानात होतो, आई. मला पाच-सहा दिसले."

"तू चेंडूकडे बघत होतास. मी या वेळी चेंडू सोडून बाकी सगळं बघत होते."

त्यानं नळ बंद केला आणि बूट वर्तमानपत्रावर ठेवले, सरळ, टाचा एका रेषेत. तेवढ्यावरून मला कळलं की तो फायनलला येणार.

फायनलच्या दिवशी ढग होते आणि वाऱ्यानं पाइप सारखे हलत होते. अदिती आली. निळा रेनकोट, हातात भलामोठा फुलांचा गुच्छ, तो कोणाला द्यायचा हे तिलाच ठाऊक नव्हतं. निखिल पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन सीमारेषेवर धावत होता. तिनं मला विचारलं, "काकू, हा खेळत का नाहीये?" मी म्हणाले, "माझ्यामुळे," आणि तिला खुर्ची दिली. ती तिसऱ्या क्वार्टरपर्यंत माझ्याकडे संशयानंच बघत होती.

शेवटच्या क्वार्टरला निखिल क्रेट ठेवून माझ्या पायाशी गवतात बसला. मी गोल मोजत होते, पास मोजत होते, हात पुरत नव्हता. तो म्हणाला, "आई, लिही, कॉलिन आड आला." मी लिहिलं. "लिही. मूठ." लिहिलं. "अगं, पलीकडे बघ, जेमीनं पण केलं, लिही." मग त्यानं माझ्या मांडीवरचा कागद हळूच ओढला, माझ्या कानावरची दुसरी पेन्सिल काढली आणि शेवटचा रकाना स्वतःकडे घेतला. त्याची मान चेंडूबरोबर फिरत नव्हती. तो आता मीही कधी बघितलं नसतं तिथं बघत होता.

शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी पुढे होतो. त्यांचा एक उंच, दाढीवाला गडी आमच्या गोलसमोर झेल घ्यायला उठला. तो झेल झाला असता तर त्याला मोकळी किक मिळाली असती आणि तिथून तुमच्या आजोबांनीसुद्धा गोल केला असता. त्याच्यामागे कॉलिन, एक वीत बुटका. मला फक्त एक टक्कल दिसलं आणि त्याच्यावर एक मूठ. चेंडू दाढीवाल्याच्या बोटांवरून सुटला, रेषेबाहेर गेला. भोंगा वाजला. सगळे शेनकडे धावले, त्यानं चार गोल केले होते. फोटो त्याचा निघाला, खांद्यावर घेतलेला. फुलंही अदितीनं गडबडीत त्यालाच दिली.

माझ्याशेजारी निखिल रेघ मारत होता. जोरात, कागद फाटेल इतकी.

थोड्या वेळानं कॉलिन चिवड्यासाठी आला. कोपर सोललेलं. कागद बघून म्हणाला, "ही शेवटची रेघ वेगळ्या हाताची दिसते, लव्ह."

"निकची आहे."

कॉलिननं डब्यातला हात झटकला, पँटला पुसला आणि निखिलपुढे धरला. "टा, लॅड," तो म्हणाला. म्हणजे इथल्या बोलीत 'थँक्यू, पोरा'. निखिलनं तो हात दोन्ही हातांनी धरला. अदिती बघत होती. परतीच्या ट्रेनला सोडायला निखिल गेला तेव्हा ती एक ट्रेन चुकली आणि दुसरीही चुकली, एवढंच मला माहीत आहे.

पुढच्या वर्षी निखिलनं ब्रेटकडे मागचा कोपरा मागून घेतला. कॉलिनच्या शेजारचा. मेलबर्नला जाईपर्यंत तो तिथंच खेळला. त्या सगळ्या वर्षांत त्याचा गोल एकच, तोही वाऱ्यानं गेलेला. मीरा, तुला बॅक पॉकेटमध्ये टाकलं हे ऐकून बाबा हसले आणि तुला राग आला ना? ते का हसले, ते आता तुला कळेल. त्यांनी सांगायला हवं होतं. पण त्यांना स्वतःचं कौतुक करता येत नाही आणि हुकलेल्या जागेचं सांगायचं तर आईचं नाव घ्यावं लागतं.

तुमचे आजोबा आत्ता हे वाचून म्हणाले, "तीस नाही, एकतीस वर्षं." दुरुस्ती मान्य. बाकी त्यांना काही म्हणायचं नाही.

मीरा, तू खेळ सोडावास की नाही, हे मी तुला सांगणार नाही. सोडायचं असेल तर सोड, पण कोरी ओळ बघून सोडू नकोस. ती ओळ कोणी आखली ते आधी बघ. सोबत त्या फायनलच्या कागदाची झेरॉक्स आहे. फिकट झाली आहे, पण शेवटची रेघ स्पष्ट दिसते. दुसरा कागद नवा आहे, तुझ्या टीमसाठी, अठरा ओळींचा. निखिल, शनिवारी सीमारेषेवर हात खिशात घालून उभा राहू नकोस. मऊ पेन्सिल घे, दोन घे. सगळ्यांचं मोज, फक्त मीराचं नाही, आणि शंका असेल तिथं रेघ मारू नकोस. जागा अपुरी पडणार नाही. या वेळी शेवटचा रकाना मी सगळ्यात रुंद आखला आहे.